कुलर वाहून गेला तेव्हापासून

२७ मे, नवतपाचा तिसरा दिवस

दुपारचे अडीच. घरात बोलायचंही कोणाच्या जिवावर आलंय. कुलरची घरघर, त्याच्या टपात पडणारं पाणी, बाकी सामसूम. सासूबाई ओला पंचा डोक्यावर घेऊन खाली फरशीवरच आडव्या झाल्यात. लेक म्हणते, "आई, नेटवर त्रेचाळीस दाखवतंय, पण फील्स लाइक सत्तेचाळीस." मी म्हटलं, फील काय ते मला विचार, पोळ्या मीच केल्यात.

उन्हाचं कौतुक नाही, पण उन्हाचं या घराला कळतं. होळी झाली की कुलरच्या ताट्या बदलायच्या. गवताच्या तिन्ही बाजूंना, आणि सासूबाईंच्या खोलीकडे वाळ्याची एक, महाग पडली तरी. एप्रिल लागला की माठाखालची वाळू ओली ठेवायची. बाहेर जायचं तर डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा बांधायचा, निघताना कैरीचं पन्हं प्यायचं, आणि कांदा खिशात. (कांद्याने खरंच काही होतं का, माहीत नाही. पण नसला की चुकल्यासारखं वाटतं.) टपात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे लेकीला पाढ्यांच्याही आधी शिकवलं होतं. चौकातल्या सिग्नलवर हिरवी जाळी लागली की समजायचं, आता जून येईपर्यंत असंच.

२०१३ च्या २३ मे ला नागपुरात ४७.९ झालं होतं. लेक तेव्हा दीड वर्षाची. दिवसभर तिला ओल्या चादरीच्या पाळण्यात ठेवली आणि रात्री आम्ही सगळे गच्चीवर. गच्चीची फरशी रात्री अकरालाही तव्यासारखी. तरी भीती अशी वाटली नाही. काय करायचं ते ठाऊक होतं. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ दाखवलं तेव्हा पुण्याहून दिरांचा फोन आला, "वहिनी, आहात ना सगळे?" मग हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. सासूबाई म्हणाल्या, "छप्पन नसन, पन पन्नास तं असनच."

आज टप भरताना पुन्हा ती रेघ दिसली. कुलरच्या पत्र्यावर, खालून हातभर उंचीवर, गंजाची सरळ आडवी रेघ. दोनदा रंग दिला. रंगाखालून ती परत वर येते.

३१ मे

संध्याकाळी वावधन सुटलं. पाचच्या सुमारास आभाळ आधी पिवळं, मग मातकट, आणि पुढच्या पाच मिनिटांत गल्लीतला गुलमोहर अर्धा खाली. लाईन गेली ती साडेदहाला आली. गारा बोराएवढ्या, थोड्याच पडल्या. लेकीने मोबाइलवर दामिनी ॲप उघडून वीज कुठे पडतेय ते सांगायचा धडाका लावला होता. आजीने तिला खिडकीतून ओढून आत बसवलं. दोघीही आपापल्या जागी बरोबर.

रात्री हवा गार. त्या गारव्यात झोप लागायला हवी होती, लागली नाही.

८ जून, मृग

काल मृग लागला. आभाळ कोरडंच आहे. पण आज बाजारातून येताना पुलावर थांबले. खाली पोकलेनने गाळ काढून काठावर ढीग लावलेत. दरवर्षी या दिवसांत नदी सफाई चालते. बाजूला स्कूटर लावून उभे असलेले एक काका म्हणाले, "नाला बराच खोल केला यंदा." मीही म्हटलं, "हो, नाला बरा दिसतोय."

घरी आल्यावर लक्षात आलं, काय बोलले ते. अजूनही.

ज्या नाग नदीवरून या शहराला नाव मिळालं, तिला आम्ही नाला म्हणतो. लाव्हा गावाकडच्या टेकड्यांतून ती निघते, अंबाझरी तलाव भरला की त्याच्या सांडव्याचं पाणी तिच्यात, मग अख्खं शहर ओलांडून पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते. शाळेत भूगोलात हे नव्हतं. भूगोलात कृष्णा, गोदावरी. सासऱ्यांनी १९८४ साली इथे प्लॉट घेतला तेव्हा दलालाने सांगितलं होतं म्हणे, "साहेब, मागे नाला आहे, म्हणजे मागून कोणी बांधणार नाही, हवा खेळती." हवा खेळती होती, खोटं कशाला बोलू.

नागपूरला काय होतंय, हे वाक्य मी जन्मापासून ऐकलंय. समुद्र नाही, डोंगर नाही, झिरो माईलचं शहर, देशाच्या पोटात सुरक्षित. मी इथल्याच महाल भागात लहानाची मोठी झाले. १९९७ च्या मे महिन्यात, २२ तारखेला पहाटे चार वाजून गेल्यावर जबलपूरला भूकंप झाला, तेव्हा आम्ही वाड्याच्या गच्चीवर झोपलो होतो आणि खालून फडताळातली भांडी वाजली. सकाळी बाबा म्हणाले, जबलपूरचं होतं ते, आपलं नव्हे. सगळं कायम दुसऱ्याचंच.

सासूबाई मात्र तसं म्हणत नाहीत. त्यांचं माहेर नरखेडकडचं. १९९१ च्या ३० जुलैला वर्धा नदी मोवाडात शिरली आणि २०४ माणसं गेली. त्यांच्या मावसबहिणीचं सासर तिथलं. मोवाड काही परदेशात नाही, नागपूर जिल्ह्यातच आहे. पण जिल्हा वेगळा आणि शहर वेगळं, असं आमच्या डोक्यात पक्कं.

तर त्या रात्रीबद्दल. इतके दिवस लिहीन लिहीन म्हणून राहिलंय, आज लिहून टाकते.

२०२३ चा सप्टेंबर. २२ तारखेला शुक्रवारी महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी, वर टांगलेला फुलोरा. चाळीस पान उठलं. दारापासून महालक्ष्म्यांपर्यंत रांगोळीची पावलं मी स्वतः काढलेली. आवरून झोपायला साडेबारा. भांडी सकाळी बाई आल्यावर, असं ठरवून पडले.

दोनच्या पुढे पाऊस सुरू झाला. तो पाऊस असा की आवाजात थेंब वेगळा ऐकू येत नव्हता. चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पडला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की वरचं प्लॅस्टिक उडालंय आणि कुलर भिजतोय. हो, कुलरची काळजी. कुलर ओसरीत होता, पावसाळ्यात तिथेच ठेवतो.

पहिलं पाणी दारातून आलं नाही. न्हाणीच्या मोरीतून आलं. पावणेपाचला मी उठले तर पायाला गार लागलं. वाटलं, नळ चालू राहिला. दिवा लावला तर मोरीच्या जाळीतून काळं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. मी वेड्यासारखी त्यावर पोतेरं ठेवून पायाने दाबून उभी. सासूबाई खोलीतून ओरडल्या, "काय करून राहिली?" मी म्हटलं, "मोरी तुंबली." तेवढ्यात हे दाराकडून म्हणाले, "मोरी नाही. नदी आहे." त्यांच्या तोंडून नदी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग पंधरा-वीस मिनिटं. पाणी पावलांवरूनच आत आलं, एकेक पाऊल पुसत. आधी घोटा, मग गुडघा. ह्यांनी मेन स्विच पाडला, हे एक देवाने सुचवलं. सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, वरच्या भाडेकरूंच्या दोन मुलांनी आणि ह्यांनी जिना चढवला. त्या अर्ध्या जिन्यावरून मला म्हणतात, "पोरी, भांडे पाहू नोको, माणसं पाय. आन् मुखवटे घे!" मी परत आत. ज्येष्ठा-कनिष्ठा कंबरेपर्यंत पाण्यात उभ्या, निऱ्या फुगून तरंगतायत, फुलोऱ्यातली करंजी अजून वर कोरडी. मुखवटे काढून पदरात घेतले. बाळांपैकी एक सापडलं, एक नाही. ते अजूनही सापडलेलं नाही.

वरून उजाडताना जे पाहिलं, ते इतकं शांत होतं की हसू यावं. फ्रिज आडवा होऊन हॉलमध्ये फिरत होता. गॅसचं सिलिंडर तरंगत होतं, आणि ते भरलेलं होतं. भरलेलं सिलिंडर तरंगतं, हे मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले. आणि मग ओसरीतून आमचा कुलर निघाला. तो लोखंडी टप, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, एखाद्या होडीसारखा डुलत फाटकातून बाहेर पडला, वळला, आणि गल्लीने निघून गेला. लेक म्हणाली, "आई, आपला कुलर चालला." कोणीच काही बोललं नाही.

त्या सकाळी शहरात काय काय झालं ते नंतर टीव्हीवर. अंबाझरी ओसंडला, मोरभवन बसस्थानकातल्या गाड्या बुडाल्या, मूकबधिर शाळेतल्या मुलांना बाहेर काढलं, लष्कराला बोलवावं लागलं. चार जण गेले. आम्ही नऊ माणसं वरच्या दोन खोल्यांत आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या खात बसलो होतो. आठवडाभर आधीच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीत तिला ईडापीडा घेऊन जा म्हणून ओरडलो होतो. हे म्हणाले, "ती घेऊन गेली असेल, पत्ता चुकून परत आली."

पाणी दुपारपर्यंत उतरलं. चिखल राहिला. काळा, तेलकट, वास असा की नाकात महिनाभर. कोठीतला गहू फुगून तिसऱ्या दिवशी आंबला. महालक्ष्मीचा गहू म्हणून फेकवेना, मग फेकला. लग्नातले अल्बम, लेकीचे पहिलीपासूनचे प्रगतिपुस्तक, सासऱ्यांच्या हातचं प्लॉटचं कागदपत्र, सगळं दोरीवर वाळत. पंचनामा झाला, १० हजार रुपये मिळाले. विमावाल्यांनी मात्र तीन महिने फोनवर ठेवून शेवटी सांगितलं की तळमजल्यावरच्या वस्तूंचं कलम वेगळं. ज्याचं सगळं बिऱ्हाडच तळमजल्यावर आहे, त्याने काय करावं, हे त्या कलमात नव्हतं.

कुलर चार घरं पलीकडे एका भिंतीला टेकून उभा सापडला. पंप गेलेला, मोटार चालू झाली. त्याची ती रेघ.

सांडव्यासमोरचा पुतळा, नदीवर टाकलेले स्लॅब, पात्रातली बांधकामं, भिंती, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातली याचिका, यावर पेपरात पुष्कळ येतं. मी कात्रणं ठेवते. पण मला त्यात खटकतं ते वेगळंच. कोर्ट नदी म्हणतं, पेपर नदी म्हणतो, आणि पुलावर उभे असलेले आम्ही दोघं नाला म्हणतो. नाल्याला कोण घाबरतं? नाल्याच्या काठी कोणी ताट्या बदलत नाही.

२१ जुलै, रात्री २.४०

झड लागलीय तीन दिवस. आता जोर वाढलाय म्हणून उठले. आताशा एका ठरावीक आवाजाला जाग येते. पाऊस जोरात असला तरी चालतो, पण थेंब ऐकू यायचे थांबले की मी उठून बसलेली असते.

फेरी मारून आले. न्हाणीच्या पाइपाला प्लंबरने बसवलेला व्हॉल्व्ह, पाणी फक्त बाहेर जातं, आत येत नाही म्हणाला. मी रात्री मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते जातंय का बघते. यावर हे हसतात, पण उठून येऊन बघतात. इन्व्हर्टर भिंतीवर, बोर्ड छातीएवढ्या उंचीवर, फ्रिज ओट्यावर. कागद वर, भाडेकरूंच्या कपाटात. वाळूच्या सहा गोण्या फाटकाशी. सासूबाईंची गादी जुलै ते सप्टेंबर वरच्या खोलीत. त्याला त्या "माहा चातुर्मास" म्हणतात. मुखवटे त्यांच्या उशाशी.

जिन्याच्या पायऱ्यांना लेकीने खडूने आकडे घातलेत. तिसरी पायरी म्हणजे आजीला उठवायचं, पाचवी म्हणजे स्विच. पहिलीच्या खाली तिने लिहिलंय, "झोप, आई."

कुलरला यंदा ओसरीच्या खांबाला साखळीने बांधलंय. कुलूप लावलंय. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाहीये.

बाहेर बॅटरी मारली. नदीचा आवाज येतोय, पण पाणी अजून काठाच्या खाली आहे, गाळाचे ते ढीग पार वाहून गेलेत. पुलावर छत्री घेऊन कोणीतरी उभं आहे. दुसऱ्या बाजूच्या खिडकीतही बॅटरी आहे, मागच्या गल्लीतल्या काकू असाव्यात. मी माझी दोनदा बंद-चालू केली. तिकडून पण दोनदा.