तिसरा चौकोन

नव्या नोकरीचे कागद भरताना माझा हात एका पानावर अडखळला. तुम्ही प्रोटेस्टंट समाजातल्या, रोमन कॅथलिक समाजातल्या, की दोन्हींतल्या नाही? मी तिसऱ्या चौकोनात खूण केली, पण आतून चिडले होते. आडनाव ऐकून जात ताडणाऱ्यांचा मला पुण्यातही राग यायचा. इथे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये तर तो प्रश्न चक्क छापून हातात दिला होता!

ऑफिसातल्या मैत्रिणीने समजावलं. एकेकाळी कॅथलिकांना नोकऱ्या नाकारल्या जायच्या, म्हणून १९८९ च्या कायद्याने ही मोजदाद सक्तीची केली. रकाना कोरा सोडला तर शाळेवरूनही ठरवता येतं, कारण बहुतेक मुलं अजून आपापल्या समाजाच्या शाळेत जातात. ऐकून राग निवळला. आरक्षण का आणावं लागलं हे ठाऊक असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण हेच चौकोन स्टॉरमाँटच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, विधानसभेतही आहेत, आणि ते मला पटत नाही. दोन समाजांच्या सशस्त्र संघर्षात साडेतीन हजारांवर माणसं गेल्यावर १९९८ चा गुड फ्रायडे शांतता करार झाला, बंदुका थांबल्या. त्याचं मोल मोठंच आहे. मात्र त्यानुसार प्रत्येक आमदाराला युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू पाहणारे, बहुतेक प्रोटेस्टंट), नॅशनलिस्ट (आयर्लंडशी एकी मागणारे, बहुतेक कॅथलिक) की इतर, अशी नोंद करावी लागते. कळीच्या ठरावाला पहिल्या दोन गटांचा पाठिंबा लागतो. 'इतर'चा वेगळा कोणी मोजत नाही. सरकारचे प्रमुख दोन, फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी, दोन वेगळ्या गटांचे; एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. म्हणजे एक पक्ष रुसला की सरकार ठप्प. २०१७ पासून तीन वर्षं, २०२२ पासून पुन्हा दोन वर्षं तेच झालं.

आपल्याकडे महाराष्ट्रात आमदार फुटतात, रातोरात शपथविधी होतात, सगळं मान्य. पण विधानसभा अशी वर्षानुवर्षं बंद नसते, हे मी इथे ठासून सांगते.

१८ जानेवारी २०२४ ला रखडलेल्या पगारवाढीसाठी सुमारे दीड लाख कर्मचारी संपावर गेले. बस नाही, रस्ते बर्फाने निसरडे. मी कोपऱ्यावर उभ्या नर्सना थर्मासमधून आल्याचा चहा दिला. एक कॅथलिक वस्तीच्या फॉल्स रोडची, एक प्रोटेस्टंट वस्तीच्या शँकिलची. दोघींच्या मोहल्ल्यांमध्ये उंच भिंत आहे, तिची फाटकं रात्री बंद होतात. दोघी एकाच फलकाची दोन टोकं धरून उभ्या होत्या, आणि शँकिलची दुसरीला स्वतःचा एक हातमोजा काढून देत होती.