रेवस ते रेडी, एकटीने: खाड्या, सडे आणि रजेचा अर्ज

पन्नाशी जवळ येईपर्यंत माझ्या रजा आजारपणांत, लग्नकार्यांत आणि मुलीच्या परीक्षांत गेल्या. त्याबद्दल तक्रार नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर मात्र ऑफिसात बिनपगारी रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात सरळ लिहिलं: सायकल प्रवास. ‘घरगुती कारण’ लिहिलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं, पण मला ते खरंच लिहायचं होतं. नोकरी सोडून जगप्रवासाला निघालेल्यांबद्दल मला आदर आहे. ज्यांना नोकरी सोडायची नाही, तरी एकदा आपल्या मनाने निघायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

रस्ता निवडला कोकणचा सागरी मार्ग. रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत साधारण 500 किलोमीटर. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून सायकलसकट बोटीने पलीकडे उतरता येतं, त्यामुळे महामार्गावरची ट्रकांची गर्दी पहिल्या दिवसापासूनच टळते.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं समजून कुणी निघू नका. समुद्रालगतचं गाव, मग घाटी, वर जांभ्याचा उघडा सडा (खडकाळ पठार), पुन्हा उतार आणि खाली खाडी, असा क्रम दिवसभर चालतो. चढ छोटे पण उभे असतात. दिवसाला 1000 मीटरच्या आसपास चढाई सहज होते, म्हणून रोज 50-60 किलोमीटरच धरा. सड्यावर सावली नाही, पाणीही नाही. सकाळी फटफटताना निघायचं, अकराच्या आत मोठा चढ संपवायचा, दुपारी एखाद्या देवळात आडवं व्हायचं. हरिहरेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, कुणकेश्वर अशी ठिकाणं या वाटेवर आहेतच.

या मार्गाचा जीव खाड्यांत आहे. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेरीबोटींत सायकल चढवायला पायरीसुद्धा लागत नाही, सरळ ढकलत न्यायची. या खाड्यांवर पूल बांधायचं आता मनावर घेतलं गेलंय. गावांना पूल हवेतच, रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा तर फेरीची वाट बघणं किती जीवघेणं असतं ते तिथले लोकच जाणतात. तरीही सांगते, जायचं असेल तर फेऱ्या आहेत तोवर जाऊन या.

दाभोळच्या धक्क्यावर एका मासळीवाल्या आजींनी टोपली पायाने सरकवून माझ्या सायकलीला कठड्याशी जागा करून दिली. टोपलीत बांगडे, वर ओलं गोणपाट. त्यांनी आधी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “एकटीच गो बाय?” म्हटलं, हो. “घरातले काय म्हणाले?” म्हटलं, जा म्हणाले. त्या थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. “मग जा. पण धोपाव्याची घाटी उनाच्या आधी चढ.” मी अर्ध्या तासात घाटीला लागले. ऊन तापल्यावर त्या चढावर काय होतं, ते वर पोचल्यावर सड्याकडे बघून कळलं.

एकट्या बाईने जावं का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं. माझं उत्तर: जावं, आणि मुक्काम चार वाजेपर्यंत ठरवावा. अंधारात सायकल नाही, हा एक नियम मी शेवटपर्यंत पाळला. राहायला घरगुती सोय बघावी. दिवेआगर, हर्णै, गुहागर, मालगुंड या पट्ट्यात ती भरपूर आहे आणि घरातल्या बाईशी फोनवर बोललं की लगेच अंदाज येतो. संध्याकाळी घरी एक फोन, दुसऱ्या दिवशीच्या गावांची नावं सांगून. सड्यांवर रेंज जाते, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सकाळी निघताना मऊभात नाहीतर घावणे मिळाले तर सोडू नका.

दापोलीजवळच्या मुरुडला मुद्दाम थांबले. महर्षी कर्व्यांचं हे गाव. सहावीच्या परीक्षेसाठी ते पोरवयात इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि पुढे 1916 साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. त्या गावातून, स्वतःच्या कमाईच्या सायकलवर, कुणालाही सोबत न घेता जाताना मला मनापासून कृतज्ञ वाटलं. (रस्ता विचारताना ‘दापोलीचं मुरुड’ म्हणा, जंजिऱ्याचं मुरुड अलीकडे रायगडात मागे राहतं.)

सायकल महागडी नको, पण मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती हवी, किमान 32 दात्यांची. टायर 35 मिलिमीटर किंवा जाड. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, साखळीची जोडकडी आणि ब्रेकचे जादा पॅड घ्या, कारण उतारांवर ते झिजतात आणि दापोली, रत्नागिरी सोडलं तर गिअरच्या सायकलीचे भाग मिळतीलच असं नाही. पाठीवर सॅक नको, ओझं कॅरिअरवर टाका. रोख पैसे आणि ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

रत्नागिरीच्या खाली रस्ता आणखी निवांत होतो. पावस, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ला. आचऱ्याच्या आसपास एका दुपारी, आंब्याच्या कलमांखाली बसून, मी परत गेल्यावर आठवड्याला चारच दिवस कामाचा प्रस्ताव द्यायचं ठरवलं. पगार कमी होणार होता, तो हिशेब वहीत मांडला आणि जमतंय असं दिसलं. आता तसंच चालू आहे.

रेडीचा गणपती झाला की परतीला सावंतवाडी स्टेशन गाठा. सायकल पार्सलने पाठवायची असेल तर गाडीच्या दोन-तीन तास आधी पोचा, पेडल काढून ठेवा, हँडल वळवून बांधा, नाव आणि फोन नंबर दोन ठिकाणी चिकटवा. छोट्या स्टेशनांवर गाडी फार थोडा वेळ थांबते, म्हणून पार्सल चढवायची सोय आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.