तुम्ही विचारलंत म्हणून: टीम वेगवान असली की जिंकते का?

फेब्रुवारी संपत आला, इंडियानापोलिसला एनएफएलचं (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचं) कंबाइन, म्हणजे नव्या खेळाडूंची चाचणी भरली, की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक अमेरिकेत राहणारे, मुलांमुळे किंवा ऑफिसातल्या मित्रांमुळे हा खेळ बघायला लागलेले मराठी लोक असतात. ४० यार्डांच्या धावेत सेकंदाच्या शंभराव्या भागावर इतका काथ्याकूट होतो, तर मग सर्वांत जोरात पळणारे अकरा गडी जमवले की काम झालं, असं का नाही? टीमच्या वेगाला नक्की किती किंमत द्यायची?

किंमत भरपूर द्यायची. पण ती आधी बचावफळीला आणि पंटच्या (चेंडू लाथेने लांब समोरच्याकडे मारण्याच्या) मागे धावणाऱ्यांना द्यायची, चेंडू झेलणाऱ्या एकट्या बाणाला नंतर. टीमचा वेग म्हणजे तिच्यातल्या सर्वांत वेगवान गड्याचा आकडा नव्हे. अकरा जणांना योग्य जागी पोचायला किती वेळ लागतो, तो टीमचा वेग. आणि तो कंबाइनच्या घड्याळात पुरता मावत नाही.

आधी त्या ४० यार्डांचंच बघू. हे अंतर साधारण ३६.६ मीटर. खेळाडू एक हात जमिनीला टेकवून वाकून उभा राहतो. बंदूक नाही, शिट्टी नाही. तो हलला की माणूस बटण दाबून घड्याळ सुरू करतो, शेवट मात्र लेझर टिपतो. आवाज ऐकून शरीर हलायला लागणारा वेळ यात नसतोच, त्यामुळे ऑलिंपिकच्या आकड्यांशी याची तुलना करू नये. १० आणि २० यार्डांवरचा वेळही नोंदवतात. २०२४ साली झेवियर वर्दी ४.२१ सेकंदांत पळाला, तो कंबाइनचा विक्रम. त्याआधीचा ४.२२ चा विक्रम जॉन रॉसचा, २०१७ मधला.

आता ४.४० वाला आणि ४.६० वाला शेजारी पळवा. शेवटच्या टप्प्यात गडी सेकंदाला सुमारे १० यार्ड कापत असतो, म्हणजे ०.२ सेकंदांचा फरक दोन यार्डांचा, सहा फुटांचा. मागून झेप घेणाऱ्याचा हात पोचणार की नाही, हे ठरायला सहा फूट पुष्कळ झाले. पण पहिल्या १० यार्डांवर याच दोघांतलं अंतर जेमतेम अर्धा यार्ड असतं. पास फेकणारा क्वार्टरबॅक स्नॅपनंतर (खेळ सुरू करायला चेंडू मागे दिल्यावर) अडीच ते पावणेतीन सेकंदांत चेंडू सोडतो, आणि उभ्या जागेवरून निघालेला गडी तेवढ्या वेळात वीस-एकवीस यार्ड जातो. लांबचे पास आणि मोकळं मैदान मिळालेल्या धावा (चेंडू हातात घेऊन पळणं) सोडल्या, तर शर्यतीचा दुसरा अर्धा भाग, जिथे खरा फरक उघडा पडतो, तो खेळात येतच नाही. म्हणून जाणकार स्काउट (खेळाडू हेरणारा) ४० चा आकडा बघण्याआधी १० यार्डांचा आकडा बघतो.

त्याच २०१७ च्या कंबाइनमध्ये कूपर कप हा खेळाडू ४.६२ मध्ये पळाला होता. तो आणि रॉस, दोघेही रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा) रॉसला सिनसिनाटीने नवव्या क्रमांकावर घेतलं, कपला रॅम्सने ६९ व्या. रॉसला पहिल्या मोसमात एकही कॅच नाही (दुखापतींनीही त्याची पाठ सोडली नाही, हेही सांगितलं पाहिजे). कपने २०२१ च्या मोसमात १४५ कॅच आणि १,९४७ यार्ड केले आणि सुपर बोलचा (लीगच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. फरक थांबण्यात होता. रिसीव्हर बारा-पंधरा यार्डांवर दोन-तीन पावलांत वेग मारून वळला, तर त्याच्या पाठीवर पूर्ण वेगात असलेला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) पुढे निघून जातो आणि मधे तीन यार्डांची मोकळी जागा उरते. ४.२ वाल्याला जितका जास्त वेग, तितकी त्याला ब्रेक मारायला जास्त पावलं. खो-खो खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. सरळ रेषेत वाऱ्यासारखा पळणारा गडी हुलकावणीत हमखास बाद होतो.

बचावाकडून बघितलं तर घड्याळाहून मोठी गोष्ट म्हणजे ओळखायला लागणारा वेळ. लाइनबॅकर हा बचावपटू चेंडूपासून चार-पाच यार्ड मागे उभा असतो. समोरचे वाट मोकळी करून देणारे गडी, म्हणजे गार्ड कुठल्या पायाने निघाला, फुलबॅक कुठे वळला, एवढ्यावरून त्याला प्ले (समोरच्याची चाल) ओळखायची असते. तो अर्धा सेकंद घुटमळला, तर धावणारा पूर्ण वेगात असताना त्याचे चार-पाच यार्ड गेले. म्हणजे ४.४० आणि ४.६० मधल्या फरकाच्या दुपटीहून जास्त. तरणाबांड ४.४ वाला लाइनबॅकर पहिल्या वर्षी मंद का दिसतो आणि तिशी ओलांडलेला ४.७ वाला सगळीकडे कसा काय असतो, याचं उत्तर इथे आहे. याउलट एकदा ओळख झटपट झाली, की मग पायांचा वेग सोन्याच्या मोलाचा ठरतो. मैदान ५३⅓ यार्ड रुंद आहे. लाइनबॅकर वेगवान असतील तर कडेने काढलेली धाव वळून वर यायच्या आत साइडलाइनवर संपते. तीच धाव हळू लाइनबॅकरांसमोर १५ यार्ड जाते.

टीमचा वेग शुद्ध स्वरूपात बघायचा असेल तर पंट बघा. दुर्दैवाने बहुतेक प्रेक्षक तेव्हाच चहा घ्यायला उठतात. लाथ मारणारा पंटर चेंडूच्या रेषेपासून (खेळ जिथून सुरू होतो तिथून) साधारण १५ यार्ड मागे असतो. स्नॅप होऊन चेंडूला लाथ बसेपर्यंत सुमारे दोन सेकंद जातात. चांगला पंट ४५ यार्ड जातो आणि साडेचार सेकंद हवेत राहतो. नियमाप्रमाणे टोकाचे फक्त दोन गडी, ज्यांना गनर म्हणतात, स्नॅपबरोबर पुढे निघू शकतात. बाकीच्या आठांना लाथ बसेपर्यंत रेषा ओलांडता येत नाही. त्यांनी आधी ब्लॉक करायचं (समोरच्यांना अंगाने अडवायचं), मग उरलेल्या साडेचार सेकंदांत ४५ यार्ड गाठायचे, तेही हेल्मेट आणि पॅड घालून, मधल्या धक्क्यांसह. कंबाइनची शर्यत नेमकी ४० यार्डांचीच का, याचं कारणही पंट हेच मानलं जातं. क्लीव्हलँडचे कोच पॉल ब्राउन यांनी हे अंतर त्यावरून धरलं, असं म्हणतात.

आता हिशेब करा. पंटर सोडून दहा जण ५३ यार्ड रुंदी झाकतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच यार्डांची लेन. त्यातला एक जण अर्धा सेकंद मागे पडला की त्याच्या लेनमध्ये भोक पडतं, आणि समोरचा, पंट झेलून उलट पळणारा गडी तेच भोक शोधत असतो. शेजारच्याने ते बुजवायला स्वतःची लेन सोडली की दोन भोकं पडतात. इथे एका ४.३ वाल्याने काहीच साधत नाही, दहाही जण ४.५-४.६ च्या घरात असावे लागतात. म्हणून संघाच्या यादीतले तळाचे पाच-सहा गडी निवडताना चांगले जनरल मॅनेजर वेगाकडे फार बारकाईने बघतात. पंटरचीही यात जबाबदारी असते. ५५ यार्ड लांब पण चारच सेकंद हवेत राहणारा पंट आकडेवारीत देखणा दिसतो, पण आपलेच लोक तिथे वेळेत पोचत नाहीत आणि समोरच्याला दहा यार्डांचा मोकळा टापू मिळतो.

हल्ल्यात वेगाचं काम वेगळं असतं, तिथे तो मुख्यतः धाक घालतो. याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे एकाच मोसमात दहा आठवड्यांच्या अंतराने झालेले दोन सामने. २९ नोव्हेंबर २०२० ला कॅन्सस सिटी चीफ्स टँपा बे बकेनीअर्सकडे खेळायला गेले. टँपाने चीफ्सच्या वेगवान रिसीव्हरला, टायरीक हिलला, बऱ्याच वेळा एका कॉर्नरबॅकवर सोडला. हिलने पहिल्या क्वार्टरमध्येच २०३ यार्ड काढले, सामन्यात १३ कॅच, २६९ यार्ड, तीन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं). फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोलला पुन्हा हेच दोन संघ, मैदानही तेच. टँपाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचे कोच) टॉड बोल्स यांनी या वेळी जवळजवळ सतत दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल ठेवले आणि हिलला डोक्यावरून जाऊच दिलं नाही. हिलचे ७३ यार्ड झाले, चीफ्सचे ९ गुण, टँपाचे ३१.

पण दोन सेफ्टी मागे गेले की पुढे माणसं कमी पडतात. मग समोरच्याने छोटे पास आणि धावा काढून का नाही मारलं? दोन कारणं आहेत. एक, चीफ्सचे दोन्ही नेहमीचे ऑफेन्सिव्ह टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे) दुखापतीमुळे नव्हते, त्यामुळे टँपाचे चारच गडी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला पळवत राहिले. लांबचा वेग वापरायला क्वार्टरबॅकला तीन सेकंद लागतात, ते त्याला मिळालेच नाहीत. दुसरं, मधली रिकामी जागा डेव्हिन व्हाइट आणि लव्होंटे डेव्हिड या दोन लाइनबॅकरांनी झाकली. व्हाइट २०१९ च्या कंबाइनमध्ये ४.४२ पळाला होता, लाइनबॅकरसाठी हा आकडा थक्क करणारा आहे. हल्ल्याच्या वेगाला बचावाच्या वेगाने उत्तर दिलं, आणि बचावाचा वेग मैदानभर वाटलेला होता.

वेगाच्या मागे लागून वजन कमी केलं की काय होतं, ते इंडियानापोलिस कोल्ट्सने २००६ मध्ये दाखवलं. कोच टोनी डंगी यांची बचावफळी हलकी आणि चपळ होती. घरचं मैदान छताखालचं, कृत्रिम हिरवळीचं, आणि क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगमुळे आघाडी मिळाली की समोरच्याला पास टाकणं भागच पडायचं, तेव्हा ड्वाइट फ्रीनी आणि रॉबर्ट मॅथिस हे बचावपटू क्वार्टरबॅकवर कडेने सुसाट यायचे. योजना अतिशय विचारपूर्वक आखलेली. पण आघाडी नसली की प्रतिस्पर्धी सरळ मधून धाव काढत. त्या मोसमात कोल्ट्सने धावेवर सामन्याला सरासरी १७३ यार्ड दिले, लीगमध्ये सर्वांत वाईट. डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलने एका सामन्यात ३७५ काढले. तरीही कोल्ट्स सुपर बोल जिंकले, कारण प्लेऑफला (बाद फेरीला) सेफ्टी बॉब सँडर्स दुखापतीतून परतला. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, पण तो धाव ओळखून इतक्या लवकर पुढे यायचा की पुढच्या हलक्या फळीला जणू बारावा गडी मिळाला. प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात कॅन्सस सिटीला धावेवर ४४ यार्ड मिळाले.

मग २०२३ चा मायामीचा संघ? हा प्रश्न ओघाने येतोच. हिल (तो तोवर चीफ्स सोडून इथे आलेला), जेलन वॉडल, रहीम मोस्टर्ट, डेव्हॉन अचान. इतका वेग एका हल्ल्यात क्वचितच जमला असेल. २४ सप्टेंबरला त्यांनी डेन्व्हरला ७०-२० ने हरवलं, ७२६ यार्ड काढले. कोच माइक मॅकडॅनियल यांची युक्ती बघण्यासारखी होती. स्नॅपच्या क्षणी एकाच गड्याला हलता येतं आणि तेही पुढच्या दिशेने नाही, हा नियम. ते हिलला स्नॅपच्या अगदी आधी आडवा, बाहेरच्या बाजूला झटकन सोडत. चेंडू सुटेपर्यंत त्याचे पाय चालू झालेले, समोरचा मात्र अजून उभा. उभ्या जागेवरून वेग घेण्यातला वेळ असा वाचवला जायचा.

पण हे यंत्र वेळेवर चालतं. ठरल्या पावलावर ठरल्या जागी चेंडू. कॉर्नरबॅकने रेषेवरच रिसीव्हरला धक्का देऊन अडवलं की ते बिघडतं. १९७८ पासून रेषेच्या पुढे पाच यार्डांपर्यंतच असा धक्का चालतो, त्यापुढे दंड. पण त्या पाच यार्डांत दोन हात छातीवर बसले तर अर्धा सेकंद जातो आणि क्वार्टरबॅकची वेळ चुकते. जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफला मायामी कॅन्सस सिटीला गेलं. उणे २० अंश सेल्सिअस, घट्ट मॅन कव्हरेज (प्रत्येक रिसीव्हरमागे एक बचावपटू), आणि निकाल २६-७. मायामीचा एकमेव टचडाउन हिलचाच, ५३ यार्डांचा. त्याला एकदा निसटता आलं, पण बाकी सामनाभर काय करायचं याचं उत्तर मायामीकडे नव्हतं.

त्या दिवशी समोर होते ते चीफ्स. त्यांनी हिलला २०२२ च्या मार्चमध्ये मायामीला दिलं आणि त्याच्याशिवाय लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. मोबदल्यात मिळालेल्या पिक्समधून (ड्राफ्टमधल्या निवडीच्या हक्कांमधून) आणि वाचलेल्या पगारातून त्यांनी बचावफळी तरुण आणि चपळ केली होती. दुसरा सुपर बोल जिंकल्यावर दोनच महिन्यांनी ड्राफ्ट होता. दोन मोसम लांब पास जमत नव्हते, समोरचे सेफ्टी निर्धास्त पुढे येऊन उभे राहत होते. तेव्हा चीफ्सने बफेलोशी अदलाबदल केली, ३२ व्या क्रमांकावरून २८ व्यावर सरकले आणि ४.२१ वाल्या, जेमतेम ७५ किलोच्या झेवियर वर्दीला घेतलं.