फिकट फ्लास्क आजारी नसतो

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सूक्ष्म शेवाळांची कल्चर्स सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. नवी मुलं आली की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, खिडकीतलं क्लोरेला खराब झालंय का? खालच्या फळीवरचं बघा कसं हिरवंगार आहे!" क्लोरेला म्हणजे एकपेशी हिरवं शेवाळ. दोन्ही एकाच मूळ कल्चरमधून काढलेली, खाद्यही तेच. फरक फक्त उजेडाचा.

मी त्यांना सरळ मायक्रोस्कोपवर बसवते. हिमोसायटोमीटरच्या, म्हणजे पेशी मोजायच्या काचपट्टीच्या, चौकटीत पेशी मोजल्या की फिकट फ्लास्कातच त्या जास्त भरतात. मग दोन्हीकडून सारख्याच पेशी घेऊन हरितद्रव्य उतरवायचं. क्लोरेलाची पेशीभित्ती चिवट, म्हणून मिथेनॉल वॉटर बाथमध्ये जरा गरम करावं लागतं. सेंट्रिफ्यूजमधून नळ्या बाहेर काढल्या की मुलं गप्प होतात. खालच्या फळीचा अर्क गडद हिरवा, खिडकीतला पोपटी आणि पिवळसर झाक असलेला. पेशी तेवढ्याच, पण प्रत्येकीतलं हरितद्रव्य कमी-जास्त.

याचं कारण मला फार सुंदर वाटतं. हरितद्रव्याचे बहुतेक रेणू स्वतः रासायनिक काम करतच नाहीत. ते उजेड पकडून, जिथे हे काम होतं त्या मधल्या केंद्राकडे पोचवतात. १९३२ साली इमर्सन आणि अर्नोल्ड या शास्त्रज्ञांनी याच क्लोरेलावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकून पाहिलं, तेव्हा एका झोतात ऑक्सिजनच्या एका रेणूमागे हरितद्रव्याचे सुमारे २,५०० रेणू असल्याचं दिसलं. एवढा गोतावळा फक्त उजेड गोळा करायला! अंधारी फळी असेल तर पेशी तो वाढवते. भर उन्हात मात्र तो अंगाशी येतो. पकडलेली ऊर्जा वेळेत वापरली गेली नाही तर ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि पेशीचंच यंत्र जाळतात. म्हणून उन्हातली पेशी गोतावळा छाटते, कॅरोटिनॉइड ही संरक्षक रंगद्रव्यं वाढवते. अर्कातली पिवळी झाक त्यांचीच.

उजेड जास्त झालाय हे पेशीला कळतं कसं? उजेडाची ऊर्जा वापरणाऱ्या दोन यंत्रणांच्या, म्हणजे प्रकाशप्रणालींच्या, मध्ये प्लास्टोक्विनोन नावाचे वाहक इलेक्ट्रॉनांची ने-आण करतात. येणारे जास्त आणि पुढे जाणारे कमी झाले की हे वाहक भरलेलेच राहतात. तोच निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनांचं उत्पादन मंदावतं. डुनालिएला या दुसऱ्या एका सूक्ष्म शेवाळावरच्या १९९५ च्या कामातून हे पुढे आलं. हा बदल व्हायला तास, कधी दिवस लागतात.

ढग सरकून अचानक ऊन पडलं तर एवढी उसंत नसते. त्यासाठी दुसरी सोय आहे. क्लॅमिडोमोनास या आणखी एका एकपेशी शेवाळात थायलाकॉइडच्या, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या पडद्यांच्या पिशव्यांच्या, आतला भाग आम्लधर्मी झाला की एलएचसीएसआर३ नावाचं प्रथिन जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकू लागतं, तेही काही सेकंदांत. पण हे प्रथिन पेशी प्रखर उजेड सोसल्यावरच भरपूर बनवते. सावलीत वाढलेल्या पेशीकडे ते जवळजवळ नसतंच. म्हणून आमच्याकडे खालच्या फळीवरचा फ्लास्क थेट खिडकीत ठेवायला सक्त मनाई आहे. आधी बटर पेपरचे दोन थर, मग एक, मग मोकळं ऊन. आषाढातल्या अंधाऱ्या दिवसांनंतर आकाश एकदम उघडलं की खिडकीतल्या फ्लास्कांनाही मी बटर पेपर गुंडाळते.

ज्यांना मोठ्या तळ्यात शेवाळाचं उत्पादन घ्यायचंय त्यांची अडचण वेगळी. वरच्या थरातल्या पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऊन पकडतात, त्यातलं बरंचसं उष्णता म्हणून वाया घालवतात, आणि खालच्या उपाशी राहतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे संशोधक अनास्तासिओस मेलिस यांनी म्हणूनच मुद्दाम लहान गोतावळ्याचे क्लॅमिडोमोनास तयार केले. एकेक पेशी कमी पकडते, त्यामुळे उजेड खोलवर उतरतो. मला ही कल्पना मनापासून पटते, पण अशा पेशी बाहेरच्या शेवाळापासून जपाव्या लागणार. साध्या डबक्यात शेजारची हावरी पेशी त्यांच्या वाटचा उजेड केव्हाच गट्ट करेल.