निघून गेलेला छिलका

केनियातल्या तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला ऊन चढलं की उत्खननाच्या खड्ड्यात बसवत नाही. मग दुपारी तंबूत दगड जुळवायचे. आदिमानवाने हत्यारांसाठी एकाच गोट्यावरून फोडलेले छिलके, म्हणजे धारदार तुकडे, शोधून त्यांच्या गाभ्यावर, म्हणजे उरलेल्या मूळ गोट्यावर, परत बसवायचे. याच भागात, लोकालालेई २सी इथे, २३ लाख वर्षांपूर्वीचे गाभे असे जुळवले गेले, तेव्हा एकेका गोट्यावरून ओळीने कितीतरी छिलके काढलेले दिसले. असा सराईत हात इतका जुना असेल, हे तोवर फारसं कुणी धरलं नव्हतं.

त्या दिवशी माझ्यापुढे काळसर लाव्हाचा, मुठीहून थोडा मोठा गाभा होता. एका तुर्काना सहकाऱ्याने ट्रेमधला छिलका उचलून दिला. "हा लावून बघा, ताई." त्यांची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा तयार आहे. गाभ्यात होती तीच बारीक पांढरी रेघ छिलक्यातही होती. घाव बसलेल्या जागेखालचा फुगवटा खळग्यात टेकवला, किंचित फिरवला आणि तो बसला. फटीत नखही जाईना. पुण्याला डेक्कन कॉलेजात प्रवरेकाठच्या हातकुऱ्हाडी मी पुष्कळ हाताळल्या, पण त्या घडवून पूर्ण झालेल्या. इथे घाव कुठून आला, मग दगड कसा वळवला, सगळं हातात कळत होतं.

दुसराही छिलका बसला. त्यांच्या शेजारचा, सगळ्यांत रुंद, लांब धारेचा, तो मात्र सापडेना. चाळणीतला माल पुन्हा पाहिला. नखाएवढ्या ठिकऱ्या भरपूर, म्हणजे दगड इथेच फोडला होता. पाण्याच्या लोंढ्याने काही नेलं असतं तर आधी या ठिकऱ्या गेल्या असत्या. सर्वांत कामाचा छिलका कुणीतरी सोबत नेला, असंच मला वाटतं.

दगड आपोआपही फुटतात, अशी शंका लोक घेतात, घ्यावीच. २०११ साली याच भागात सापडलेलं लोमेक्वी ३ हे दगडी हत्यारांचं स्थळ तर ३३ लाख वर्षांपूर्वीचं, आपल्या 'होमो' प्रजातीच्या सर्वांत जुन्या जीवाश्माहून पाचेक लाख वर्षांनी आधीचं. तिथल्या गाभ्यांचं सरासरी वजन तीन किलोच्या वर. त्यावरही वाद झालेच. पण तिथलाही एक छिलका आपल्या गाभ्यावर नेमका बसतो, आणि मला तो पुरावा फार मोलाचा वाटतो.

गाभ्याचं रेखाटन करताना ती रिकामी जागा मी वेगळ्या क्रमांकाने नोंदवली आणि शेजारच्या खड्ड्यातले ट्रे मागवून घेतले.