पट्टी तेवढी विचारा

झाडीपट्टीत नाटकाची तालीम होत नाही, हे पुण्याच्या मैत्रिणींना सांगितलं की त्यांना आधी खोटंच वाटतं. तीन अंकी नाटक, भरपूर गाणी, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो पार उजाडेपर्यंत. आणि त्यात काम करणारी माणसं कधी कधी एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती तोंडाला रंग लावताना. पण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या आमच्या धानाच्या मुलखात हे असंच चालत आलं आहे. गावचं मंडळ नाटक कंपन्यांचं ठाणं असलेल्या वडशाला जाऊन कंपनीशी नाटक ठरवतं. दिवाळी झाली की हंगाम लागतो. आज एक गाव, उद्या दुसरं. तालमीला दिवस आणायचा कुठून?

मी गाणारी नटी. माझ्या हाती येते ती नक्कल, म्हणजे माझ्या वाट्याचे संवाद आणि गाणी. चाली ऑर्गनमास्तर स्वतः गाऊन फोनवर पाठवतात. कापणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, काम करताना त्या मी कानाला लावून ठेवते. नायक कोण, बाप कोण, हे बरेचदा गाडीत बसल्यावर कळतं.

संवादांची मला धास्ती नसते, कारण प्रॉम्प्टर असतो. आमचा प्रॉम्प्टर नुसती वाक्यं पुरवत नाही. कोणी दोन वाक्यं गाळली तर पुढचा दुवा तोच जोडून देतो, कोणाला यायला उशीर झाला तर आत असलेल्यांना बोलतं ठेवतो. अख्खं नाटक त्याच्या गळ्यावर उभं असतं. गाण्यात मात्र त्याचा इलाज चालत नाही. शब्द तो देईल, सूर कुठून देणार?

गेल्या हंगामात नागभीडकडच्या एका गावी प्रयोग होता. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला होता. 2014 पासून बंद असलेल्या शर्यतींना 2021 च्या डिसेंबरात कोर्टाने परवानगी दिली, तेव्हापासून पटाच्या गावी नाटकालाही माणूस मावत नाही. लेकी माहेरी आलेल्या, पाहुणे घरोघर. माझा नायक त्या दिवशीच भेटला. दुसऱ्या अंकात आमचं द्वंद्वगीत. त्याची पट्टी, म्हणजे पेटीवरचा ज्या सुराला सा धरून गायचं तो, काळी एक; माझी काळी चार, त्याच्यापेक्षा बरीच वर.

मास्तर रंगपटात आले. "ताई, काळी तीनवर उतरता का जी? दादा मुखडा खालच्या सुरात घेतीन."

मी उतरले. नायकाने अर्ध्या रंगवलेल्या तोंडाने मुखडा गुणगुणून पाहिला. अंतरे दोन, शेवट मी करायचा, ढोलकीवाल्याने माझ्या डाव्या हाताकडे बघायचं. एवढंच ठरलं.

गाणं रंगलं आणि लोकांनी वन्समोर दिला. वन्समोर घ्यायचा तर कुठून, हे कोणीच बोललं नव्हतं. मास्तरांनी वर पाहिलं आणि दुसऱ्या अंतऱ्याचा पहिला सूर ऑर्गनवर धरून ठेवला. नायक एक पाऊल मागे सरला. ढोलकी दबकी झाली. मला कळलं, आता मी. तो अंतरा मी कॉलेजातल्या कुठल्याही बसवलेल्या गाण्यापेक्षा चांगला गायले. तिथे मी माझं पाठ केलेलं गायचे. इथे समोरच्याचा श्वास ऐकल्याशिवाय पुढची ओळ उचलता येत नाही, आणि त्या ऐकण्यासाठीच मी दर वर्षी या हंगामाची वाट पाहते.

तरीही "तालमीशिवाय करता, केवढी कमाल!" असं कोणी म्हटलं की मला बरं वाटत नाही. झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या घरी सण झाला. पण ही कमाल रोज रात्री ज्यांच्या जिवावर होते ते वादक आणि प्रॉम्प्टर लोकांना दिसतही नाहीत. आणि पट्टी न विचारता गाणं सुरू झालं तर त्याची किंमत बहुतेक वेळा बाईचा गळा देतो. पुरुषाच्या सोयीने लावलेल्या सुरात आम्ही एक तर खर्जात घुसमटतो, नाही तर वरच्या सप्तकात ओरडतो. एका रात्रीचं असतं तर निभावलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी, पुन्हा थंडीत उघड्या बांधीत जागरण, पुन्हा तेच गाणं नव्या नायकाबरोबर. हंगाम संपता संपता बोलायलाही आवाज न उरलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या गळ्यात खोट नव्हती. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

संपूर्ण तालीम मी मागत नाही, ती इथे जमणारही नाही. गाणारे आणि वाजवणारे यांनी रंग लावण्याआधी अर्धा तास एकत्र बसावं. प्रत्येक गाण्याची पट्टी, लय, अंतरे, शेवट कोणाचा, आणि वन्समोर आला तर कुठून, एवढं ठरवावं. यंदा होकार देण्याआधी मी कंपनीच्या मालकांना हे सांगितलं.

ते म्हणाले, "अन् गाडीच उशिरा पोचली तं?"

"तं गाडीत बसू, भाऊ. पेटी मांडीवर घेता येते."

त्यांनी मास्तरांना फोन लावला.