मारिया ब्राउनचं उघडं राहिलेलं बटण

४ जुलै, रात्री

१९५४ साली याच तारखेला बर्नमध्ये पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असं हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या ‘मारिया ब्राउनचं लग्न’ (१९७९) या चित्रपटाचा शेवट त्याच दिवशी घडतो, म्हणून आज ही नोंद.

चर्चा नेहमी एकाच प्रश्नाशी अडते: शेवटी मारियाचा मृत्यू होतो तो अपघात की आत्महत्या? मारियाने आधीची सिगरेट गॅसच्या शेगडीवर पेटवली आणि ज्योत फुंकून विझवली. बटण उघडंच राहिलं. ज्योत गेली तरी गॅस येतच राहतो. पुढची सिगरेट पेटवायला ती आत जाते आणि घर उडतं. विसरली की मुद्दाम केलं, हे फासबिंडर सांगत नाही. माझ्या मते तो प्रश्नच दुय्यम आहे.

खरा घाव तिच्या मालकाच्या मृत्युपत्राचा. ज्या नवऱ्यासाठी, हेरमानसाठी, तिने वर्षानुवर्षं पैसा आणि घर उभं केलं, त्याने तिच्या मालकाशी, ओस्वाल्डशी, परस्पर करार केलेला असतो: ओस्वाल्ड जिवंत असेपर्यंत मारिया त्याची, मागून निम्मी मिळकत हेरमानची. आपले व्यवहार आपणच ठरवतो असं समजणारी बाई स्वतःच व्यवहारातला माल निघते. आणि हे तिला कळतं ते कागद वाचून दाखवणाऱ्या तिऱ्हाइतांसमोर.

या सगळ्याखाली रेडिओवर त्या सामन्याचं, हेर्बेर्ट त्सिमरमानचं धावतं वर्णन चालू असतं. सबटायटल वाचण्याच्या नादात ते हमखास निसटतं. एकदा सबटायटल बंद करून नुसतं ऐकावं. घरातली माणसं बोलतात, पण आवाज चढत जातो तो मैदानाचा. स्फोटानंतर निवेदक ओरडतो, ‘आउस! आउस!’ म्हणजे संपलं, खेळ संपला, जर्मनी जगज्जेता. मागे ढिगारा जळतोय. रेडिओ असा आधीही कानावर पडलेला असतो: पश्चिम जर्मनीचा चान्सेलर (सरकारप्रमुख) आडेनाउअर आधी जर्मनीला पुन्हा शस्त्रं नकोत म्हणतो, नंतर हवीत म्हणतो.

सुरुवात आठवा: बॉम्बच्या हादऱ्याने हिटलरची तसबीर भिंतीवरून उडते, त्याच धुरळ्यात मारियाचं लग्न लागतं. शेवटी पुन्हा तसबिरीच येतात, चान्सेलरांच्या, पण निगेटिव्हमध्ये: आडेनाउअर, एर्हार्ड, कीझिंगर, श्मिट. विली ब्रांट (१९६९-७४) मुद्दाम वगळलेला. चित्रपट आला तेव्हा सत्तेवर असलेला श्मिट तेवढा निगेटिव्हमधून हळूहळू पॉझिटिव्ह होतो.